मार्व्हेला कुचेरा गोळ्या निवडते

"एकच ट्रे होता," डेल्बर्ट म्हणाला. "वीस मिनिटं. आणि खाली फॉइल लावली होती."

"माझ्या ओव्हनमध्ये शिसं भाजलंस आणि वर फॉइलचं कौतुक सांगतोस?"

"शिसं नाही भाजलं. वरचा रंग भाजला. शिसं आपलं आतल्या आत होतं."

"आतल्या आत होतं? मग हे काय फिरायला बाहेर पडलं?"

'हे' म्हणजे स्वयंपाकघराच्या टेबलावर बशीत ठेवलेली एक पिस्तुलाची गोळी. करंगळीच्या पेराएवढी, गाजराच्या रंगाची. कोलाच्यांचा चौथा ट्रे आत सरकवताना ती ओव्हनच्या तळाशी खडखडली होती. मार्व्हेला कुचेराचे कोलाचे, म्हणजे जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड पाव, आमच्या डोबरी गावात लग्नाला, बारशाला आणि मयताला लागतातच. त्यातले चार डझन आता कचऱ्याच्या पिशवीत होते.

"त्यातले तीन मी खाल्ले," डेल्बर्टने माहिती दिली.

"तू खाल्लेस ते चालेल. तुझं आता काय बिघडायचं राहिलंय?"

तिचा नवरा डेल्बर्ट अडुसष्ट वर्षांचा, धान्याच्या गोदामावरून निवृत्त झालेला. दर शनिवारी गावाबाहेरच्या रेंजवर पिस्तुलाच्या स्पर्धेला जातो, नेमासाठी उभ्या केलेल्या लोखंडी तव्यांवर एकशेवीस काडतुसं झाडतो आणि खाली पडलेली रिकामी पितळं वेचून घरी आणतो. गॅरेजमध्ये तीच पितळं पुन्हा भरतो. बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी, पोटात बंदुकीची दारू, तोंडात गोळी. गोळ्याही शिसं वितळवून तोच ओततो. उघडं शिसं पिस्तुलाच्या नळीत चिकटतं, धूर करतं, म्हणून गोळ्यांवर रंगाची पूड चढवून भाजायची असते. त्यासाठी त्याने कुणाच्या तरी अंगणातल्या विक्रीतून चार डॉलरचा छोटा ओव्हन आणला होता. तो बुधवारी दुपारी निम्म्यात जळाला. पूड लावलेल्या तीनशे गोळ्या हातात घेऊन माणूस काय करणार? मार्व्हेला चर्चच्या बैठकीला गेली होती आणि तिचा मोठा ओव्हन मोकळा होता.

"आज गुरुवार," मार्व्हेला म्हणाली. "सोमवारपासून बाळ इथे येणार. शिशाचा कणसुद्धा या घरात..."

"शिसं?" दारातून आवाज आला.

त्यांची मुलगी शॉना दारात उभी होती. हातात टोपली, टोपलीत आठ आठवड्यांचा ओटिस. सोमवारी तिची रजा संपत होती आणि आज तालीम म्हणून ती बाळाला दोन तास आजीकडे ठेवायला आली होती. तिने बशीकडे पाहिलं, कचऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग टोपलीसकट वळली आणि गाडीत बसून निघून गेली.

पाऊण तासाने परत आली ती एकटी. बाळ नवऱ्याकडे ठेवलं होतं आणि हार्डवेअरच्या दुकानातून कापसाच्या कांड्यांचं पाकीट आणलं होतं. पिवळी कांडी वस्तूवर घासायची, शिसं असेल तर ती गुलाबी होते. शॉना दाताच्या डॉक्टरकडे कामाला आहे. कांडी कशी धरायची हे तिला सांगावं लागत नाही.

"सरका," ती म्हणाली.

ओव्हनची जाळी गुलाबी. त्यात कुणालाच नवल वाटलं नाही. गॅरेजच्या दाराची मूठ गुलाबी. डेल्बर्टची टोपी गुलाबी. डेल्बर्टच्या आरामखुर्चीचा उजवा हात गुलाबी, डावा पिवळाच.

"डाव्या हातात रिमोट असतो," डेल्बर्ट म्हणाला.

रिमोट गुलाबी.

स्वयंपाकाचं टेबल पिवळं निघालं तशी मार्व्हेलाने श्वास सोडला. तेवढ्यात गस कुत्रा शेपूट हलवत आला. शॉनाने सहज त्याच्या कानामागे कांडी फिरवली. कांडी जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखी झकास गुलाबी झाली.

"कुत्रासुद्धा, बाबा?"

"गॅरेजमधून आलो की मी त्याला खाजवतो. त्याला तिथेच आवडतं."

मार्व्हेलाला इथे हसू फुटलं. हसायची वेळ नव्हती हे तिला कळत होतं, त्यामुळे ते जास्तच फुटलं. ती सिंककडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलत राहिले.

"आई, हसू नकोस. कोलंबसला एका पाळणाघरात एक जागा आहे. चाळीस मैल जायचं, चाळीस यायचं. पाच वाजेपर्यंत त्यांना हो का नाही ते कळवायचंय. मी ओटिसला इथे ठेवू शकत नाही. मला रडायचंय, पण मी रडत नाहीये. मला गाडी चालवायचीय."

मार्व्हेलाचे खांदे थांबले.

एकतीस वर्षं तिने आमच्या शाळेचं स्वयंपाकघर चालवलं. रोज दोनशे तीस ताटं, दुसऱ्यांच्या पोरांची. शॉना लहान असताना तिला शेजारणीकडे ठेवून मार्व्हेला पहाटे साडेपाचला कामावर जायची आणि शॉनाचं पहिलं पाऊल शेजारणीने पाहिलं. या गोष्टीबद्दल मार्व्हेला कधी बोलत नाही. पण ओटिसचा पाळणा तिने जानेवारीतच स्वतः सॅंडपेपरने घासून, रंगवून खिडकीशी मांडून ठेवला होता.

"मी सगळं सोडतो," डेल्बर्ट एकदम म्हणाला. उठून उभा राहिला. "शिसं, यंत्र, पिस्तूल. शनिवारसुद्धा. नातवापुढे काय आहे ते? मी घरीच बसेन."

मार्व्हेलाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर खरी भीती आली. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने डेल्बर्ट घरीच बसला होता. त्याने तिचे मसाले अक्षरांच्या क्रमाने लावले. कपडे धुवायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजलं. बटाटा सोलताना साल किती जाड निघते यावर त्याची मतं तयार झाली. मग त्याचा मित्र लोवेल पोस्पिशिल याने त्याला रेंजवर नेलं आणि घर पुन्हा मार्व्हेलाचं झालं.

"कुणी काही सोडणार नाही," ती घाईने म्हणाली. "लोवेलला फोन लाव. तो रेंजवरच्या सगळ्यांची मिळून गोळ्यांची मागणी देणार होता ना? तयार लेपाच्या?"

"त्या महाग आहेत. मला घरी भरलेलं काडतूस चौदा सेंटला पडतं. त्या घेतल्या तर..."

"फोन लाव, डेल."

लोवेल अडीच वाजता आला. उंच, विधुर, तोंडात कायम टूथपिक. त्याने टेबलावर तीन नमुन्याच्या पिशव्या ठेवल्या: हिरव्या, लाल, निळ्या. तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या.

"हिरवी आठ सेंट, लाल साडेआठ, निळी नऊ," तो म्हणाला. "सगळ्यांचा कल हिरवीकडे आहे."

"सगळे कशावरून ठरवतात?"

"आठ सेंटांवरून."

मार्व्हेलाने चष्मा लावला. शाळेत बटाट्याचा ट्रक आला की ती अशीच चष्मा लावायची आणि ट्रकवाले उगाच टोपी नीट करायचे. "या गोळ्यांचा रंग किती पक्का आहे ते कसं बघतात?"

"तज्ज्ञ लोक अॅसिटोनने पुसतात. आणि हातोडीने ठेचतात."

"शॉना, बाथरूममधून माझं नेलपॉलिश काढायचं ते आण, त्यात अॅसिटोनच असतं. डेल, हातोडी. आणि मागच्या पायरीवर चला सगळे. माझ्या टेबलावर नाही."

मार्चचा वारा होता. मागच्या पायरीवर तिने वर्तमानपत्र अंथरून वर पांढरे पेपर नॅपकिन मांडले, हातात भांडी धुवायचे रबरी मोजे चढवले. नेलपॉलिश काढायच्या पाण्याने हिरवी गोळी पुसली. नॅपकिन पालकाच्या रसासारखा हिरवागार झाला.

"हा रंग तर स्कूटरच्या मडगार्डवरही टिकला नसता," ती म्हणाली. "लोवेल, ही माझ्यापुढून हलव."

लाल पुसून टिकली. मग दगडावर ठेवून तिने हातोडी घातली. लाल लेपाचे टवके उडाले, जसं उकडलेल्या अंड्याचं टरफल उडावं, आणि आतलं शिसं लख्ख दिसायला लागलं.

"एवढ्या जोराने कशाला?" डेल्बर्ट म्हणाला. "नळीत कुणी हातोडी घेऊन बसलेलं नसतं."

"तू मागे हो. निळी."

निळी पुसली, नॅपकिन पांढराच. निळी ठेचली, ती चपटी होऊन नाण्यासारखी झाली आणि तरी निळीच्या निळी. मार्व्हेलाने दुसरी ठेचली. तिसरी ठेचली. चौथीला काही कारण नव्हतं. तिचे केस सुटले होते, गाल लाल झाले होते आणि चौसष्ट वर्षांची ती बाई पायरीवर गुडघे टेकून हातोडी चालवत होती.

"आई, कळलं," शॉना म्हणाली. पण तीही हसायला लागली होती. "थांब, मला कांडी तरी लावू दे."

तिने चपट्या निळ्या गोळीवर कांडी घासली. सगळे वाकले. लोवेलने टूथपिक काढली. कांडी पिवळी होती. अर्धं मिनिट गेलं. पिवळीच.

"उलटी करून बुडाला लाव," मार्व्हेला म्हणाली. बुडालाही पिवळीच. मग शॉनाने ती डेल्बर्टच्या गाजरी गोळीला लावली आणि कांडी लगेच लाजली.

"पण माझ्या पिस्तुलात बसायला हवी ना," डेल्बर्ट म्हणाला. हरलेला माणूस शेवटचा मुद्दा काढतो तसा त्याचा आवाज होता. "जाड असली तर तोंडाशीच अडकेल."

"मग बघ बसते का. दारू-बिरू न घालता नुसती पितळात बसव."

तो गॅरेजमध्ये गेला. पिस्तुलाची सुटी केलेली नळी आणि निळी गोळी बसवलेलं पोकळ काडतूस घेऊन आला. नळी उभी धरून काडतूस वरून सोडलं. ते अर्ध्यावर अडकलं. घड्याळात चार वाजून गेले होते आणि शॉनाचा फोन तिच्या हातात होता.

"म्हटलं नव्हतं?" डेल्बर्ट म्हणाला, पण आनंदाने नाही. त्यालाही आता ती बसायला हवी होती.

"गोळी केसभर जास्त बाहेर आहे रे," लोवेल म्हणाला. "जरा आत दाब. घाई करतोस तू नेहमी."

डेल्बर्ट परत गेला, परत आला. पुन्हा सोडलं. काडतूस टुप् करून खाली बसलं, नळी उलटी केल्यावर आपल्या वजनाने बाहेर पडलं. त्याने तीनदा केलं. तिन्ही वेळा टुप्. तिसऱ्या वेळी त्याचा चेहराच खुलला.

मार्व्हेलाने मोजे काढून पायरीखाली टाकले, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, आत आली आणि विजेच्या बिलाच्या पाकिटाची पाठ पुढे ओढली. शाळेत एका ताटाचा खर्च दर महिन्याला याच पद्धतीने निघायचा.

"दुकानातलं तयार काडतूस?"

"सव्वीस सेंट," लोवेल म्हणाला.

"आणि घरी निळी घालून?"

"टोपी सात, दारू तीन, गोळी नऊ," डेल्बर्ट म्हणाला. "एकोणीस. आणि माझी ओतलेली घालून चौदा. पाच सेंटांचा फरक, मार्व्ह. वर्षाला सहा हजार काडतुसं. म्हणजे तीनशे डॉलर."

"हा ओव्हन आता स्वयंपाकाला चालत नाही. नवा ओव्हन नऊशेला आहे. तो सहा हजारांवर वाट. एका काडतुसावर पंधरा सेंट. चौदा आणि पंधरा?"

डेल्बर्ट बोटांवर मोजायला लागला.

"एकोणतीस," लोवेल आपणहून म्हणाला. "दुकानापेक्षा महाग झालं की रे. मी तर म्हणतो, तूच दुकान टाक."

"ओव्हन एकदाच!"

"बरं, ओव्हन सोडला," मार्व्हेला म्हणाली. "शॉना, कोलंबसचं पाळणाघर काय घेतं?"

"आठवड्याला दोनशे वीस. पेट्रोल वेगळं."

मार्व्हेलाने तो आकडा लिहिला. त्याच्या बाजूला तीनशे लिहिले, आणि त्यापुढे 'वर्षाला' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली. डेल्बर्ट मान वाकडी करून वाचत होता. बराच वेळ वाचून त्याने डोक्यावरची टोपी सारखी करायला हात वर नेला, आठवलं तसा मागे घेतला आणि तो मांडीवर ठेवला.

"पण आई," शॉना हळू म्हणाली, "निळ्या गोळ्यांनी खुर्ची धुतली जात नाही. टोपीही नाही. धूळ असतेच."

"मला माहीत आहे," मार्व्हेला म्हणाली.

ती उभी राहिली. पाच वाजायला दहा मिनिटं होती. लोवेल जायला निघाला होता तो थांबला, कारण मार्व्हेला उभी राहून बोलायला लागली की शाळेतसुद्धा कुणी ट्रे उचलत नसे.

"निळ्या घ्यायच्या. वर्षाला सहा हजार, त्यावर एकही नाही. शिसं वितळवणं बंद. गॅरेजमधल्या शिशाच्या विटा उद्या भंगारवाल्याकडे जातील, त्याचे पैसे ओव्हनला. कमी पडतील तेवढ्यासाठी डेल, तुझी मासे पकडायची बोट विकायला निघेल. यंत्र मागच्या शेडमध्ये. शेडमधला शर्ट शेडमध्ये, बूट शेडमध्ये, टोपी शेडमध्ये, आणि घरात पाऊल टाकायच्या आधी हात बाहेरच्या नळावर धुवायचे, थंडी असो नाहीतर बर्फ. पितळं लोवेलकडे धुवायची. खुर्ची कचऱ्यात. रिमोटही. कुत्र्याला आज आंघोळ. शॉना, त्या कांड्या तशाच राहू दे, रविवारी संध्याकाळी तू पुन्हा सगळं घर तपास, आणि एक जरी गुलाबी निघाली तर मी स्वतः तुला कोलंबसला पोचवीन. कोलंबसला आत्ता फोन करून नाही म्हणून सांग. ओटिस सोमवारी साडेसातला इथे येणार."