कोळशाच्या सहा रेघा

चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या सहा रेघा आहेत. आज त्या मोजल्या आणि माझाच मला संताप आला. ही गेल्यावर लेक म्हणाली, "आबा, माझ्याकडं चला." मी म्हणालो, "महिनाभर रोज एक भाकरी थापतो. नाही जमलं तर येतो." धड झाली की एक रेघ, असं ठरवलं. महिना संपत आला आणि रेघा सहा!

त्यातलीही एक खोटी. त्या दिवशी माझी भाकरी तव्यावरच फाटली. शेजारच्या विमलवहिनींनी आणून दिलेली खाल्ली आणि रेघ ओढली. त्या हसल्या, "भाऊजी, थापली मी आणि रेघ तुमची व्हय?"

घरात बघणारं कुणी उरलं नाही की माणूस भिंतीशीसुद्धा खोटं बोलतो. ही असती तर तुकडा मोडून तोंडावर म्हणाली असती, "कच्ची आहे." तिची भाकरी मी जन्मभर खाल्ली, पण चांगली झालीय असं एकदाही म्हटलं नाही.

ओल्या फडक्यानं ती रेघ पुसली. तेवढ्यात लेकीचा फोन आला. "किती झाल्या, आबा?"

"पाच. त्याही कडेला कच्च्या."

ती म्हणाली, "मग न्यायला कधी येऊ?"

"महिना भरू दे," म्हणालो आणि परातीत पीठ घेतलं.