खंडोजीने शिंपलेलं यार्ड

खंडोजी बंगळुरातल्या चामराजपेटेत ज्या लॉरी यार्डात तीस वर्षं मिस्त्री होता, ते यार्ड १९९७ साली एका परदेशी कंपनीने विकत घ्यायचं ठरवलं. तिथे कॉम्प्युटरवाल्यांची काचेची इमारत उठणार होती. पण गिऱ्हाईक चोखंदळ निघालं. आधी जमीन तपासा, तेल मुरलेली माती उपसून टाका, मगच सौदा! आपल्याकडे लोक सोनं पारखतात, बैलाचे दात मोजतात. माती पारखणारं गिऱ्हाईक चामराजपेटेने पहिल्यांदाच पाहिलं.

तपासायला पुण्याहून पद्मनाभ नावाचा तरुण इंजिनिअर आला. मिस्त्री मराठी बोलतो म्हणताच त्याच्या जिवात जीव आला.

"काका, तेल नक्की कुठे कुठे मुरलंय ते दाखवाल का? अंदाजाने बोअर मारत बसलो तर महिना जाईल माझा."

"स्वल्प थांबा, सार. दाखवतो की," खंडोजी म्हणाला.

पहिल्या जागी गड्यांनी हाताचं गिरमिट फिरवून माती वर काढली. पद्मनाभने ती काचेच्या बरणीत घातली, वर पाणी ओतलं आणि बरणी खळखळ हलवली. पाण्यावर रंगीत तवंग पसरला. खंडोजी ते बघतच राहिला. यार्डाच्या मागच्या भिंतीला लागून अकरा घरांची ओळ होती, त्या ओळीत एकच विहीर होती आणि त्यातलं एक घर त्याचं स्वतःचं होतं.

"सार, तुम्हाला सगळं दाखवतो. पण भिंतीपलीकडं आमची विहीर हाय. तिचं बी बघायचं. तेल लागलं असंल तर ते बी साफ करायचं."

"नक्की, काका. शब्द देतो."

मग खंडोजीने काहीही हातचं राखलं नाही. डिझेलची जमिनीतली टाकी कुठे पाझरायची, इंजिनं कुठे उतरवायचे, सगळं दाखवलं. शेवटी मधल्या मोठ्या अंगणात उभा राहून म्हणाला, "आणि ही सगळी जागा. हितं मीच ओतलंय, इंजिनचं जळकं तेल. वीस वर्षं."

त्यामागची गोष्ट ऐकली तर हसावं की रडावं कळत नाही. पूर्वी उन्हाळ्यात लॉऱ्यांची धूळ बसवायला यार्डातले गडी त्याच विहिरीचं पाणी शिंपायचे. एप्रिलमध्ये विहिरीत गाळ लागायचा आणि ओळीतल्या बाया एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. तेव्हा खंडोजीनेच डोकं चालवलं. जळकं तेल नाहीतरी फुकटच जातं, तेच शिंपू! धूळ बसली, पाणी वाचलं. ओळीतल्या लोकांनी त्याला हार घातला, हातात नारळ ठेवला. कुणालाही वाटावा तसा त्यालाही अभिमान वाटला, आणि पुढचा प्रत्येक उन्हाळा तो स्वतः डबा घेऊन शिंपत राहिला.

आता यंत्रं लागली. बारा-बारा फूट काळी माती निघाली, लॉऱ्या भरभरून गेली, खड्ड्यात लाल माती पडू लागली. खणत खणत यंत्र मागच्या भिंतीपाशी आलं आणि थांबलं. खड्ड्याच्या त्या कडेला काळा थर स्पष्ट दिसत होता. तो भिंतीखालून सरळ विहिरीकडे गेला होता.

"सार, हितं थांबून कसं चालंल?"

पद्मनाभ बुटांकडे बघत म्हणाला, "काका, माझ्या कामात फक्त हा प्लॉट येतो. बाउंड्रीबाहेर मला एक फूटही जाता येत नाही."

"शब्द दिला होता तुम्ही."

"विचारलं मी हेड ऑफिसला. नाही म्हणाले."

जनाची नाही तर मनाची लाज म्हणून त्याने विहिरीचं पाणी तेवढं बरणीत भरून हलवलं. तसाच रंगीत तवंग आला. "हे पिऊ नका," तो हळूच म्हणाला. पण कुठल्याही कागदावर त्याने ते लिहिलं नाही. आठवड्याने यार्ड शुद्ध झाल्याचं प्रमाणपत्र देऊन तो पुण्याला गेला. मोठ्यांची जमीन सोवळी झाली; गरिबांच्या पाण्याचं कुणाला पडलंय?

कंपनी सांगणार नव्हती, यार्डाचा मालक तर नाहीच नाही. खंडोजीने ठरवलं की घरोघर जाऊन आपणच सांगायचं आणि तेल आपण ओतलं हेही सांगायचं. लोकांनी चार शिव्या दिल्या तर खायच्या. पहिलं घर कावेरीअक्काचं होतं. म्हातारी एकटी राहायची आणि रोज सकाळी तिच्या दोन कळशा खंडोजीच भरून द्यायचा. तिला त्याने उंबऱ्यावर उभ्यानेच सगळं सांगितलं.

म्हातारीने शिवी दिली नाही. कन्नडातच शांतपणे म्हणाली, "वास तर मला दहा वर्षं येतोय, अण्णा."

खंडोजीचं नाक डिझेलने कधीच मारून टाकलं होतं. त्याला कुठून वास येणार?

"मग बोलला का न्हाई, अक्का?"

"मला वाटलं, तुमच्या हातांचा आहे. रोज पाणी भरून देणाऱ्या माणसाला, हात धुवून या, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? सगळी ओळ हेच म्हणायची. अण्णाला वाईट वाटेल, गप प्या."

खंडोजी तिच्या उंबऱ्यावर खाली बसला. अजून दहा घरांना सांगायचं होतं, आणि दहाही घरं आता काय म्हणणार ते त्याला माहीत होतं.