विमानाच्या गेमचा साक्षीदार

द्वारकेच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी छातीठोकपणे सांगायचो, विमानाच्या गेममधलं शत्रूचं शेवटचं जहाज कुणाकडूनच पडत नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. एका दुपारी माझ्या वर्गमित्राने ते पाडलं. पाहणारा मी एकटाच होतो. मशीन बंद केलं की स्कोअर पुसला जायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी पोरांनी मलाच विचारलं, "खरंच पाडलं का रे याने?"

मित्र निर्धास्त हसत होता.

"कुठलं काय! जहाजापर्यंत पोचायच्या आधीच मेला," मी म्हणालो.

"फेकू!" सगळे ओरडले.

तो पार्लरमध्ये परत आला नाही. नाव मात्र चिकटलं. पुढे त्याच्या लग्नात, नवरीसमोर कुणीतरी तीच हाक मारली. सगळ्यांबरोबर मीही हसलो. आत काहीच हललं नाही.