फळ्यावर जिवंत माणसाचं नाव

रस्त्याकडेच्या एसटी शेडमध्ये फळा टांगला तेव्हा मी हात उंचावून भाषण ठोकलं होतं. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावं, गावाने रोज दोन ओळी वाचाव्यात, असा आमचा बेत. आम्ही म्हणजे मी आणि संध्याकाळी बायकांना अक्षरं शिकवणारी ताई.

पहिली ओळ भावकीतल्या एकाने लिहिली, म्हातारा वारल्याची. दुसरीही मयताची. तिसरी दहाव्याची. झालं, फळ्याला त्याचा धंदा सापडला. मी भाताचा भाव लिहावा, कोडं लिहावं; मुरबाडची जीप थांबली की आतून विचारणा यायचीच, "आज कोण गेला रं?" नाटकाच्या तालमींची हौस असलेला माझ्यासारखा माणूसही थकतो हो. प्रेक्षक फक्त मयताला जमत असतील तर काय करावं त्याने?

ताईच्या वर्गात एक काकी होती. जन्मभर अंगठाच दिलेली. तिला पूर्ण नाव लिहिता यायला लागलं आणि एका सकाळी कुणाला न सांगता तिने ते फळ्यावर लिहिलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटचं अक्षर चौकटीवर चढलेलं.

जीपवाल्याने वाचलं आणि वैशाखऱ्यात, तिच्या लेकीच्या सासरी, सांगून टाकलं. दुपारी लेक रडत उतरली, मागून नणंदा.

"कुठं ठिवलंय माझ्या आयला?"

काकी पडवीत तांदूळ निवडत होती. "कुणाच्या आयला गो?"

गाव पोट धरून हसलं. काकीच्या मुलाला मात्र लाज वाटली. त्याने ओल्या फडक्याने नाव पुसलं. मी ताईला म्हणालो, "बस झालं. काढून टाकू फळा."

दुसऱ्या दिवशी पोचतो तर काकी खडू घेऊन उभी, नाव पुन्हा लिहून झालेलं.

"काकी, नका ना. लोक काय समजतील?"

"मेलेल्याचं लिवायला फळा हाय, जित्तीचं लिवायला नाय? तुमीच बोल्ला व्हता ना, सुचंल ते लिवा. मला माझंच नाव सुचतंय."

तेवढ्यात मुलगा फडकं घेऊन आला. समोर जीप भरत होती.

"आये, घरी चल. लोक हसतात."

"आधी वाच. मंग पूस."

तो पुटपुटला.

"मोठ्यानं वाच रे."

त्याने आईचं नाव मोठ्याने वाचलं. जीपमधून कुणीतरी ओरडलं, "अरं, ही तर उभी हाय!" मुलाने फडकं खांद्यावर टाकलं आणि कामाला जायला जीपमध्ये चढला.

काकी शेतावर गेली. मी अडकलो. येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये डोकं घालून सांगत होतो, "जिवंत आहे हो, भात कापायला गेलीय." संध्याकाळी घसा पार बसला. ताईने विचारलं, "मग, फळा कधी काढायचा?"

बोलायचं त्राण नव्हतं. मी हातानेच खुणावलं, राहू दे.