माझी गाडी तापत नाही

ती गाडी मी एका जुन्या संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडून घेतली. बेलापूरला आमचा कालव्याखालचा ऊस होता आणि तेव्हा माझ्या डोक्यात हवा होती. गाडी अमेरिकन बनावटीची, लांबलचक, काळीभोर, आत खऱ्या कातड्याच्या गाद्या. दार लावलं की असा भारदस्त आवाज यायचा की तो ऐकायला मी दिवसातून चारदा उगाचच दार उघडायचो. बायको म्हणायची, "तुम्ही गाडी घेतलीय की नुसतं दार?"

सुख होतं, खोटं कशाला बोलू? पेठेतून गाडी निघाली की दुकानदार हातातला तराजू तसाच धरून बघत राहायचे. पण तापही तेवढाच. एखादा सुटा भाग गेला की मुंबईला माणूस धाडायचा आणि महिना महिना वाट बघायची. त्यातून लग्नसराई आली की गावातला प्रत्येक नवरदेव माझ्याच गाडीत बसणार. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मनातून मला नाही म्हणायचंही नव्हतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, ऐन दुष्काळात, शेजारच्या मुलाचं लग्न पाथर्डीकडच्या एका गावात ठरलं. सजवायला फुलं मिळेनात, म्हणून गाडीच्या तोंडावर जाड जरीचा शेला बांधायचं ठरलं. त्या घरची रीत अशी, की नवरदेवाच्या गाडीला करवली सजवणार आणि मांडवात पोचल्यावर भावाकडून लुगडं वसूल केल्याशिवाय ती गाठ सोडणार नाही. करवली म्हणजे नवरदेवाची थोरली बहीण. आठवा महिना लागलेला, तरी हौसेनं वाकून तिनं पुढच्या जाळीवर शेला दुहेरी करून घट्ट आवळला.

मग मागं सरून मला विचारलं, "दादा, हवा कोंडून गाडीला तरास न्हाई ना व्हायचा?"

चार पाहुणे बघत होते. मी म्हणालो, "राजाघरची गाडी आहे ताई. माझी गाडी तापत नाही."

नेवासं मागं टाकलं तोच मागच्या सीटवर तिला कळा सुरू झाल्या. तिच्या आईनं पदर तोंडात कोंबला. मी गाडी थांबवली, नवरदेवाला मागून येणाऱ्या वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये बसवलं आणि त्या दोघींना घेऊन नगरच्या मोठ्या दवाखान्याच्या वाटेला लागलो. तासाभराचा रस्ता होता.

दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर चढायला लागला. मला तेव्हाच कळलं. जाळीतून वारा आत जायला जागाच नव्हती. खाली उतरायचं, चाकूनं गाठ कापायची आणि निघायचं, एवढंच काम होतं. पण मग म्हातारी विचारणार, सकाळी का नाही बोललात? मी स्वतःला समजावलं की करवलीचा मान आहे, आपण कसा मोडायचा. पोरीचा मान राखतोय असं मला खरंच वाटत होतं, इतकं मी स्वतःला छान फसवलं. अजून थोडं जाऊ, अजून थोडं जाऊ, असं म्हणत मी काट्याकडे बघायचंच सोडलं.

शेवटी बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

"काय झालं वो?" म्हातारी ओरडली.

"पाणी कमी झालंय, मावशी. आणतो."

रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. बाया उन्हात खडी फोडत होत्या. त्यांच्यासाठी पिपात पाणी होतं, सगळ्यांना मिळून दिवसभराचं. मी डबा घेऊन धावत गेलो. मुकादम आधी तयार होईना. बाळंतीण अडलीय म्हटल्यावर एका बाईनं त्याला बाजूला सारलं.

"घ्या वो तुमी. आमी राहू तशाच," ती म्हणाली आणि स्वतः डबा भरून दिला.

इंजिन निवायला थांबावं लागलं, मग पाणी ओतलं. म्हातारी लेकीच्या तळव्यांना हात चोळत होती. मी शेल्याच्या पुढ्यात उभा होतो, हातात डबा, खिशात चाकू. तरीही मी तो काढला नाही. आता पाणी भरलंय, निभेल, असं म्हणून गाडी चालू केली. पुढचे पाच-सहा मैल मागून कण्हणं येत होतं, ते हळूहळू बारीक होत गेलं.

गाडी दुसऱ्यांदा थांबली तेव्हा आजूबाजूला माणूस नव्हतं की झाड नव्हतं. मागं वळून बघितलं तर पोरीचे डोळे मिटलेले, ओठ पांढरे पडलेले. तेव्हा मी उतरलो आणि शेला टराटरा फाडून रस्त्यावर टाकला.

"अवो, शेला!" म्हातारी खिडकीतून म्हणाली.

"राहू द्या, मावशी. फाटलाच होता."

इंजिन जरा निवल्यावर डब्याच्या तळाशी उरलेलं पाणी ओतलं आणि गाडी चालू केली. त्यानंतर ती नगरच्या दवाखान्यापर्यंत एकदाही तापली नाही. काटा जागचा हलला नाही. त्या काट्याचा आला तेवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल.

पोरगी वाचली. मूल गेलं. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "अर्धा तास आधी आला असतात तर दोघंही वाचली असती." म्हातारीनं ते ऐकून कपाळावर हात मारला आणि दुष्काळाला शिव्या दिल्या.

पंधरा दिवसांनी ती माणसं आमच्या घरी आली. ताटात टॉवेल-टोपी, नारळ. म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यांची गाडी हुती म्हनून माझी लेक वाचली. न्हाईतर दोन्ही गेली असती." माझी बायको अभिमानानं माझ्याकडे बघत होती.

पोरगी भिंतीला टेकून बसली होती, पार वाळून गेलेली. सगळे चहात गुंतल्यावर ती हळूच मला म्हणाली, "दादा, चूक माझीच. आठवा म्हैना हुता, मी लग्नाला यायलाच नगं हुतं. हौस नडली माझी. माझ्याच पायी गेलं माझं लेकरू."

तिला सांगण्यासारखं एकच वाक्य माझ्याजवळ होतं. ते जिभेवर आलं होतं. तेवढ्यात म्हातारी ताट घेऊन पुढं आली, आणि मी मान वाकवून टोपी घालून घेतली.