बावीस डबे

छावणीतल्या आमच्या दोन खोल्यांतून मी रोज बावीस डबे द्यायची. गल्लीतल्या एका इंजिनिअर पोरीनं घरगुती डब्यांचं अ‍ॅप काढलं आणि म्हणाली, "मावशी, तुमची सगळी गिऱ्हाईकं यावर आणा." मी आणली, नंबरांची जुनी वहीही मोडीत काढली. अ‍ॅपवर गिऱ्हाइकाला डबा निम्म्या भावात पडायचा, मला मात्र पूर्ण पैसे मिळायचे. मधले कोण भरतं, असं मी एकदा धीर करून विचारलं.

"गुंतवणूकदार. ते कर्ज देत नाहीत, धंद्यात हिस्सा घेतात. दहा ठिकाणी पैसे टाकतात, नऊ बुडणार हे धरूनच. एखादाच लई मोठा होतो, त्यात सगळं वसूल."

आपण त्या नवांतले तर नाही ना, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

गुंतवणूकदारांचे पैसे संपत आले तेव्हा पुण्याहून दोघं नवे गुंतवणूकदार बघायला आले. त्यांनी पैसे टाकले नाहीत तर अ‍ॅप बंद होणार होतं. पोरीनं मला आधीच बजावलं होतं, "पुढच्या वर्षी किती डबे विचारलं तर दोनशे म्हणा. बाकी मी बोलते." दोन दिवस मी कणीक मळताना तेवढंच घोकत होते.

ते जेवले. ताटात काही टाकलं नाही. मग एकानं विचारलं, "मावशी, वर्षभरात किती डब्यांपर्यंत जाल?"

परक्या माणसासमोर मला खोटं सुचत नाही. "बावीस," मी म्हणाले.

"आत्ताचं नाही, पुढचं."

"बावीसच. जास्त केले की भाकरी गार जाते."

दोघंही हसले. "जेवण मात्र एक नंबर," असं म्हणून उठले. पोरीनं माझ्याकडं पाहिलं नाही.

महिन्याभरात अ‍ॅप बंद झालं. "तुमच्यामुळं नाही हो मावशी, त्यांना दहा शहरं पाहिजे होती," ती म्हणाली. खरं असेलही.

गिऱ्हाइकांचे नंबर सगळे अ‍ॅपमध्येच राहिले. ज्यांची घरं माहीत होती तिथं मी स्वतः गेले. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक दारातच म्हणालं, "आता एवढा भाव? कालपर्यंत तर निम्म्यात देत होता."

मी कधीच निम्म्यात देत नव्हते, एवढंच सांगायचं होतं. पण नुसती मान हलवली आणि परत आले. आता सहा डबे जातात.