बाबांचा घोडेस्वार आणि माझी चिंच

हे सांगायचं तर मला चहाचा कप तोंडासमोर धरूनच सांगावं लागेल. चेहरा दिसायला नको. तुम्ही हसायचं तेवढं हसून घ्या, पण पडेगावात कुणाला सांगू नका!

माझं लग्न नुकतंच झालंय. मी मुळात कमी बोलते. बघायला आले तेव्हा सासरे, म्हणजे बाबा, यावरच खूश झाले होते. "पोरगी शांत आहे. लई चांगलं!" झालं. तेव्हापासून मी तोंड शिवूनच वावरतेय.

लग्नानंतर आम्ही जोडीनं खंडोबाला जाऊन आलो. कुलदैवतच ते. घरी येताच बाबांनी आम्हाला हॉलमधल्या शोकेसपुढं उभं केलं. "माझ्या आजोबांनी जपलेला आहे. याच्याही पाया पडा."

आत वीतभर उंचीचा ब्राँझचा घोडेस्वार. डोक्याला पागोटं, घोडा उधळलेला, उजवा हात वर, हातात मोडकी तलवार. सगळा काळपट-हिरवट झालेला. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

हा देवघरात का नाही, असं मनात आलं होतं. पण विचारलं नाही. शांत ना मी!

उलट रोज सकाळी कुणी नाही असं बघून हात जोडायची. "देवा, माझ्या हातून या घरात असं काहीतरी घडू दे, की सगळ्यांच्या जन्मभर लक्षात राहील."

मग तो रविवार आला. सासूबाई बहिणीकडं हर्सूलला, हे वाळूजला ड्यूटीवर. बाबांनी स्वतःच्या हातानं शर्टाला इस्त्री केली.

"सूनबाई, मुंबईहून संग्रहालयाच्या मॅडम येतायत, खास घोडेस्वार बघायला. मी विमानतळावरून घेऊन येतो. तेवढा पुसून ठेव."

"हो बाबा."

"आमचे भाऊ आयुष्यभर हसले मला. म्हणायचे, जुन्या बाजारातला असेल. आज कळेल त्यांना, खरा का खोटा!"

मी मनात म्हटलं, देव जागृत आहे की नाही, ते बघायला मुंबईहून माणसं येतात? आणि आपला देव असा काळा?

आमच्या माहेरी सणाला देव घासतात. चिंच, मीठ, राख आणि नारळाचा काथ्या. मी बाह्या सरसावल्या. पहिल्या हातालाच घोड्याचं नाक उजळलं. मग काय विचारता! शेपटीपर्यंत थांबले नाही.

शेजारच्या मंदाकाकू विरजण मागायला आल्या. "अगंऽऽ! कोण गं ह्यो?"

"खंडोबा. खास मुंबईहून बघायला येतायत."

"अन् इतके दिवस लपवून ठेवला? थांब, भंडारा आणते!"

भंडारा आला. झेंडूचा हार आला. रविवार म्हणून मी भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला. काकूंनी पदर पसरला, "देवा, माझ्या राहुलला नोकरी लागू दे, तुला नारळ फोडीन!" आणि 'येळकोट येळकोट' असा आवाज दिला, की दारात आलेल्या मॅडम जागीच थबकल्या.

बाबा त्यांच्या मागं. आधी त्यांचं हसू गेलं, मग रंग गेला.

मॅडमनी भंडारा हळूच फुंकला. भरिताचं ताट बाजूला सरकवलं. बैठकीखालचं शिल्पकाराचं ओतीव नाव भिंगातून वाचलं.

"अस्सल आहे," त्या म्हणाल्या. "हा फ्रेंच शिल्पकार तेव्हा हैदराबादेत कामाला होता. मोठ्या पुतळ्याआधी केलेला हा नमुना. पुतळा झालाच नाही, हा तेवढा उरला. फार दुर्मिळ." मग माझ्या पिवळ्या हातांकडं बघून म्हणाल्या, "म्हणजे सकाळपर्यंत होता. तो काळसर रंग त्यानं स्वतः चढवलेला असतो हो. तो आता परत येत नाही."

"अन् तलवार?" काकूंनी विचारलं.

"तलवार कुठली? पोलोची काठी आहे ती, मोडलेली. पोलो खेळणारा आहे हा."

काकू म्हणाल्या, "शहरातल्या बायकांना काय कळतंय!" आणि विरजण न घेताच गेल्या.

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

मॅडमना सोडून आल्यावर बाबा त्या लखलखीत घोड्यापुढं येऊन बसले. मग एवढंच म्हणाले, "खरा निघाला, एवढं तरी झालं. पण पोरी, एकदा विचारायचं तरी!"

'तुम्हालाच शांत मुलगी हवी होती,' हे अगदी ओठांवर आलं. नेहमीसारखं गिळलं.

पुढच्याच आठवड्यात मंदाकाकू नारळ घेऊन दारात! राहुलला नोकरी लागली होती. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. शेवटी त्यांनीच नारळ फोडला.

खोबरं वाटता वाटता काकू म्हणाल्या, "तू तर नैवेद्य बी दाखवलास. तुझं मागणं ऐकलं का नाय त्यानं?"

काय सांगणार? माझं तर त्यानं राहुलच्याही आधी ऐकलं होतं.